सव्वीस घरांचा कान

लारुस एयोल्फसन चौथी आणि पाचवी अशी दोन वर्षं माझ्या वर्गात होता. पण मला तो पहिल्यांदा दिसला तो त्यानंतर अडतीस वर्षांनी, आणि तेव्हाही आधी तो नाही, त्याची पावलं दिसली.

मी निवृत्त झाले त्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी शाळेत जायचं नव्हतं आणि दुसरीकडे कुठे जायचं ते सुचत नव्हतं, म्हणून मी तळ्याकाठच्या रस्त्याने चालायला लागले. आमच्या सेल्व्हिक गावाच्या उत्तरेला त्या रस्त्यावर सव्वीस घरं आहेत. ऑक्टोबर सरला की त्यांचे मालक ॲरिझोनाच्या उन्हात राहायला जातात, ते एप्रिलमध्ये परत येतात. मधले सहा महिने तिथे फक्त बर्फ, वारा आणि पडदे ओढलेल्या खिडक्या.

प्रत्येक घराच्या आवारात बर्फात एकच पाऊलवाट होती. रस्त्यापासून निघायची, घराला एक फेरी घालायची, मागच्या दाराशी जायची आणि तिथूनच परत. जाताना ज्या खड्ड्यांत पाय टाकले, त्याच खड्ड्यांत पाय टाकत माणूस परत आला होता. खड्डे गुडघाभर खोल आणि त्यांच्या कडा गोठून काचेसारख्या झालेल्या. एका दिवसाचं काम नव्हतं ते. जवळून बघावं म्हणून मी रस्ता सोडून एक पाऊल टाकणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई! तिथेच थांबा! बर्फात पाय नका टाकू."

शाळेत मी मुलांवर ओरडायचे, तसा कोणीतरी माझ्यावर ओरडत होता. कानटोपीतून फक्त डोळे दिसत होते, भुवयांवर दव गोठलेलं.

"का रे बाबा?"

"माझ्याशिवाय दुसरं पाऊल दिसलं की मला कळतं, कोणीतरी येऊन गेलं. तुमचं पडलं तर माझा सगळा हिशेब चुकेल."

"कोणी येतं का इथे?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "कोल्हा येतो. आणि एकदा विमा कंपनीचा माणूस आला होता."

त्याने नाव सांगितलं. मी "अरे, तू होय!" म्हटलं, पण ते खोटं होतं, मला काही आठवलं नव्हतं. संध्याकाळी मी जुनी प्रगतिपुस्तकांची वही काढली. चौथीला मी त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, 'शांत.' पाचवीलाही, 'शांत.' दोन वर्षांत एका मुलाबद्दल मला एवढंच सुचलं होतं. वर्गाच्या फोटोत तो शेवटच्या ओळीत आहे. पुढच्या उंच मुलाच्या कानामागून त्याचा अर्धा चेहरा दिसतो.

लारुस धक्क्यावरच्या मासळीच्या शेडमध्ये कामाला होता. पिकरल मासा सोलून पेट्यांत भरायचं काम. शेड बंद झाली तेव्हा तो चाळिशीचा होता. लग्न केलं नव्हतं. घरी आई होती, आणि तिला शेवटची दहा वर्षं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. आई गेल्यावर तळ्याकाठच्या एका मालकाने त्याला घराची किल्ली दिली, मग दुसऱ्याने, आणि दोन वर्षांत सव्वीस किल्ल्या झाल्या. विम्याचा नियम असा की हिवाळ्यात रिकाम्या घरात दिवसाआड माणसाने जाऊन यायचं, नाहीतर नळ गोठून फुटले तर भरपाई नाही. लारुस जायचा. तेरा घरं आज, तेरा उद्या, रविवारीसुद्धा.

एकदा मी म्हटलं, मला ने की बरोबर. तो गडबडला, पण बाईंना नाही म्हणण्याची सवय नव्हती त्याला.

आम्ही डॉक्टर हाल्दोर गिस्लासनच्या घरी गेलो. हाल्दोर म्हणजे आमचा निवृत्त दंतवैद्य. अर्ध्या गावाच्या दाढा त्यानेच काढल्या आहेत. लारुस पुढे, मी त्याच्या खड्ड्यांत पाय टाकत मागे. त्याने मागचं दार उघडलं, बूट काढले आणि एकदम मोठ्या, सावकाश आवाजात म्हणाला,

"काय लोआबाई, कशा आहात? दुकानातले कांदे संपलेत. तळ्यावर बर्फ तीन फूट झालाय. बाहेर उणे एकतीस आहे, तुम्ही आत आहात तेच बरं."

लोआ म्हणजे हाल्दोरची बायको. ती तेव्हा ॲरिझोनात होती. घरात चिटपाखरू नव्हतं. मग मी मागे उभी असल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि त्याचे कान लाल झाले.

"घराला माणसाच्या आवाजाची सवय राहायला हवी, बाई," तो म्हणाला. "आणि मला आईशी असं बोलायची सवय."

त्याने नळ सोडून पाहिले, तळघरात जाऊन आला, ओट्यावरच्या कागदावर तारीख आणि तापमान लिहिलं, पुढे एक अक्षर, ल. आता निघू म्हणून मी बूट चढवायला लागले. पण तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला आणि डब्यातून सँडविच काढलं.

"अजून काय राहिलं?"

"भट्टी."

घर गरम ठेवणारी भट्टी तर खाली घुरघुरत होती. मलाही ऐकू येत होती. मी तसं म्हटलं.

"चालू भट्टी कोणालाही ऐकू येते, बाई. ती बंद होऊन पुन्हा लागते की नाही, ते ऐकायला बसावं लागतं."

आम्ही बसलो. खाली घुरघुर थांबली. त्यानंतर जी शांतता आली ती मला सहन होईना. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला. पंचवीस मिनिटं. मग खालून एक टक् असा आवाज, भक्कन जाळ पेटल्याचा आवाज आणि पुन्हा घुरघुर. लारुसचा चेहरा, परीक्षेचा निकाल कळावा तसा मोकळा झाला. "हं. आता चला," तो म्हणाला.

असं रोज तेरा घरांत. सकाळी उजेड फुटायच्या आत निघायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा. लोक म्हणायचे, लारुस दुसऱ्यांच्या खुर्च्यांत बसून वेळ काढतो. तेही अगदीच खोटं नव्हतं. घरी गेला तर तिथे बोलायला घरसुद्धा नव्हतं. तिथे तो स्वतःच राहत होता.

सहा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मात्र गिस्लासनांच्या घरी घोटाळा झाला. लारुसला ताप होता. तरी तो गेला, नळ पाहिले, तापमान लिहिलं, भट्टी चालू होती. पण तो बसला नाही. थंडीने दात वाजत होते, म्हणून भट्टी बंद होण्याची वाट न बघता घरी आला. ती बंद झाली आणि पुन्हा लागलीच नाही. दुसऱ्या खेपेला तो गेला तेव्हा वरच्या मजल्यावरचा नळ फुटून छत खाली आलं होतं, नेमकं लोआच्या पियानोवर. पाणी पियानोवरच गोठलं होतं. पट्ट्यांवर बोटभर बर्फ.

लोआने त्याला एका शब्दाने दुखावलं नाही. फोनवर म्हणाली, "अरे लारुस, तू बरा आहेस ना? पियानोचं काय एवढं." हे सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. लोआ रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

आणि मग तीन वर्षांपूर्वी, ऑगस्टमधल्या आमच्या उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, घरमालकांची बैठक झाली. विमा कंपनीने कळवलं होतं की घरात नजर ठेवणारी यंत्रं बसवली तर माणूस आठवड्यातून एकदा गेला तरी चालेल. बैठकीनंतर हाल्दोर लारुसकडे आला. मी तिथेच केक कापत होते.

"लारुस, कॅमेरे घ्यायचं ठरलंय. सव्वीस घरांना एकसारखे. पण कुठले घ्यायचे, कुठे लावायचे, आम्हाला काय कळतं? आम्ही हिवाळ्यात इथे असतो कुठे? तू निवड. तू सांगशील ते घेऊ."

"मी?"

"मग कोण? घरं आमची असली तरी तुलाच जास्त माहीत आहेत." हाल्दोर मनापासून बोलत होता. तो कधीच वाईट बोलत नाही, त्याची अडचण तीच आहे.

दुकानातल्या दीसाने मात्र स्पष्ट विचारलं. ती हत्यारांचं आणि विजेच्या सामानाचं दुकान चालवते; कॅमेऱ्यांची माहितीपत्रकं तिच्याकडूनच आणायची होती.

"म्हणजे तुझी सुट्टी करणारं यंत्र तूच निवडणार? वा रे शहाण्या! पगारवाढ तरी मागितलीस का?"

"नमुन्याला एक कॅमेरा दे," लारुस म्हणाला. "परत आणून देतो."

तो माझ्याकडे आला तो पिशवीभर पत्रकं घेऊन. टेबलावर पसरली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही वाचा, मी ऐकतो. वाचलेलं माझ्या डोक्यात राहत नाही, ऐकलेलं राहतं."

मी वाचायला लागले. आठ पानांचं पत्रक मी एकदा वाचलं आणि त्याने ते मला जवळजवळ शब्दशः परत सांगितलं, तिसऱ्या पानावरची एक विसंगतीही दाखवली. दोन वर्षं हा मुलगा माझ्यासमोर बसला होता आणि मी फक्त त्याचं अक्षर पाहिलं होतं. मी कॉफी करायला उठले, कारण मला त्याच्याकडे पाठ करायची होती.

आमची निवड सहा आठवडे चालली. मला इतका आनंद निवृत्तीनंतर कशातच झाला नव्हता, हे आता लिहायला हरकत नाही. बॅटरीवर चालणारा कॅमेरा त्याने पहिल्याच आठवड्यात बाद केला. नमुन्याचा कॅमेरा त्याने आपल्या डीप फ्रीझरमध्ये माशांच्या पाकिटांवर ठेवला. दोन दिवसांत तो मेला.

"आणि फ्रीझर फक्त उणे अठरा असतो, बाई. उणे अठराला तर आपण कोटाची बटणं उघडी टाकतो."

म्हणून तारेवर चालणारेच घ्यायचे. बाहेर एकच, मागच्या दारावर, आणि तोंड उत्तरेला. दक्षिणेला केलं तर दुपारी बर्फावरचं ऊन थेट त्याच्या डोळ्यात जाईल आणि पांढऱ्या रंगाशिवाय काही दिसणार नाही. चित्रफीत साठवणारा रेकॉर्डर घरातच, आणि वीज गेली तरी त्याला चार तास चालवणारी बॅटरी. हालचाल दिसली की फोनवर सूचना जाते, ती पडद्यांमुळे जायला नको. भट्टी लागली की पडदे हलतात हे त्यालाच माहीत. "डॉक्टरांना दिवसातून चाळीस वेळा पडदा हलल्याचा निरोप गेला तर एकेचाळिसाव्या वेळी ते बघणारच नाहीत." तेव्हा चित्रातला नको तो भाग झाकता येतो, असाच कॅमेरा हवा.

मी वही केली होती. त्यात ओळीने लिहीत होते. आणि लिहिता लिहिता माझ्या मनात आलं ते मी बोलून टाकलं.

"लारुस, तू त्यांना सांग ना, की आपल्या थंडीत हे काही टिकत नाही. फ्रीझरमधला मेलाच की. तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

त्याने हातातल्या पत्रकाची घडी घातली.

"बाई, हे तुम्ही शिकवलं नव्हतंत."

मी वही पुढे ओढली. त्याने माझ्या अंगावर शाल टाकावी इतक्या हलक्या आवाजात विषय बदलला. "आतल्या कॅमेऱ्याचं बघू. तो तळघरात, भट्टीसमोर. आणि त्याला कान हवा."

माइक असलेला आणि नसलेला, असे दोन प्रकार होते. हाल्दोरने आधीच सांगून ठेवलं होतं की आवाजाची गरज नाही. चोर काय गाणं म्हणत येणार आहे?

"चोर येतच नाही इथे," लारुस म्हणाला. "थंडी येते. आणि ती चित्रात दिसत नाही. बंद पडलेली भट्टी आणि थांबलेली भट्टी दिसायला सारखीच. मी दिवसाआड जात होतो तरी पियानो गेला. मी पंचवीस मिनिटं ऐकायचो, बाकी दोन दिवस कोण ऐकत होतं? कान असता तर तेव्हाच कळलं असतं."

मी पेन खाली ठेवलं. त्याने हे कितपत लक्षात घेतलं होतं, मला कळेना.

"लारुस, कान तळघरात असला तरी वरचं बोलणं ऐकू जाईल. ॲरिझोनात. सव्वीस घरी."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय. बोलायचं नाही." त्याने साखरेचा खडा दातात धरून कॉफीचा घोट घेतला. "शांत राहायचं. ते मला जमतं. तुम्हीच लिहिलं होतंत ना?"

तो हसत होता. प्रगतिपुस्तक मुलं इतकी वर्षं लक्षात ठेवतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

एका प्रकारात कानाबरोबर बोलायची सोयही होती: ॲरिझोनातून बोललं की इथे तळघरात आवाज येणार. ती त्याने नको म्हटली. "ऐकायला कान पुरे. तोंड कशाला? रिकाम्या घरात कोण कोणाशी बोलणार?"

ऑक्टोबरच्या शेवटी सव्वीस घरांत कॅमेरे बसले. प्रत्येक तळघरात भट्टीसमोर, चित्रात भिंतीवरचा तापमापक नीट दिसेल असा. सगळे त्याने स्वतः लावले. शेवटचा गिस्लासनांच्या घरी लावला, तेव्हा मी खाली दिवा धरून उभी होते. तारा जोडण्यापूर्वी तो जिन्याच्या पायरीवर बसला.

"काय लोआबाई," तो म्हणाला, पण नेहमीसारखा मोठ्याने नाही. पुढचं काही बोलला नाही. मग उठून त्याने तार जोडली. छोटासा हिरवा दिवा लागला, आणि आम्ही दोघंही खुणा करत, चोरासारखे वर आलो.

त्या हिवाळ्यात तो फक्त मंगळवारी जाऊ लागला. आठवड्यातून एकदा गेलं की खड्डे राहत नाहीत. वारा भरून टाकतो. प्रत्येक मंगळवारी नवीन वाट पाडायची आणि बुधवारपर्यंत ती बुजायची. मी तळ्याकाठी फिरायला जायचे तेव्हा कुंपणापासून कुंपणापर्यंत बर्फ नुसता सपाट असायचा. मी मुद्दाम कधी त्यात पाऊल टाकलं नाही.

कानाने आपलं काम केलं. फेब्रुवारीत उणे अडतीस असताना गिस्लासनांची भट्टी थांबली, आणि नेहमीच्या वेळेत पुन्हा लागली नाही. मालकांनी आवाज ऐकायची सोय लारुसलाही दिली होती. कॅमेऱ्याने कसलीही सूचना पाठवण्याआधी तो बर्फावर चालणारी गाडी काढून तिकडे निघाला होता. भट्टीचं धुराडं बर्फाने बुजलं होतं. ते त्याने मोकळं केलं, आणि घरातलं तापमान चार अंशांच्या खाली उतरलं नाही. हाल्दोरने त्याला फोन केला. "कमाल आहे तुझी! यंत्र निवडावं तर तूच!" लोआने नव्या पियानोवर वाजवायला शिकायचं आमंत्रण दिलं, एप्रिलमध्ये. तो गेला नाही. म्हणाला, बोटं जाड आहेत.

ती सूचना येण्याआधी त्याला कसं कळलं, हे मी हाल्दोरला विचारलं नाही, लारुसलाही नाही. मला ते पुढच्या महिन्यात आपोआप कळलं. मी भर दुपारी त्याच्याकडे वाटीभर सूप घेऊन गेले. त्याचं घर धक्क्याजवळ, बंद शेडच्या मागे. दार उघडंच असतं. स्वयंपाकघराच्या टेबलावर दीसाच्या दुकानातला एक स्क्रीन उभा केलेला, त्यावर एक तळघर, आणि घुरघुर. लारुस समोर बसलेला. घुरघुर थांबली. मी दारातच उभी राहिले. आता मला ती शांतता ओळखीची होती. मग टक्, भक्कन, आणि पुन्हा घुरघुर.

"हं," तो म्हणाला. आणि मोठ्या, सावकाश आवाजात, "बाहेर उणे बावीसच आहे आज, लोआबाई. दुकानात संत्री आलीत."

मग त्याने बटण दाबलं आणि दुसरं तळघर आलं.

"तिकडे ऐकू जातं का?" मी विचारलं.

त्याने मागे वळून पाहिलं. कान लाल झाले नाहीत या वेळी. "नाही, बाई. तोंड घेतलं नाही ना आपण." आणि पायाने दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी काही वेळ बसले. पाच घरं ऐकली. एवढा वेळ नुसतं बसणं मला अजूनही जमत नाही. निघताना त्याला म्हटलं, सूप गार होईल, जेवून घे. तो म्हणाला, सगळ्यांचं झालं की जेवतो.

लारुस आता साठ वर्षांचा आहे. मंगळवारी तो सव्वीस घरांत जातो. बाकीच्या दिवशी सकाळी दहाला टेबलाशी बसतो आणि एकेका घराची भट्टी थांबून पुन्हा लागेपर्यंत ऐकतो, म्हणून त्याचं दुपारचं जेवण रात्री आठला होतं.